कर आधी भरायचा की नंतर? निवृत्तीच्या बचतीतला 'मागचा दरवाजा' समजून घेऊ



फेब्रुवारी-मार्च आला की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "नवीन करप्रणाली घेतली, आता ८०सी मिळतच नाही, मग पीपीएफ कशाला भरायचा?" आणि ज्यांची मुलं शिकून अमेरिकेत नोकरीला लागली आहेत, ते पालक दुसराच प्रश्न विचारतात, "पोरगं म्हणतंय बॅकडोअर रॉथ करतोय. मागच्या दाराने म्हणजे काही भानगड तर नाही ना?"

वरवर बघता या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक डोंगरकड्याचा, दुसरा अमेरिकेचा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गणित आहे आणि ते आठवी-नववीच्या मुलालाही समजेल इतकं सोपं आहे. आजच्या पाठात ते गणित आधी पाहू, मग अमेरिकेतला मागचा दरवाजा आणि शेवटी आपला.

१. शिक्षकाला हा विषय का हवा?

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने राज्यात परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे आपली डीसीपीएस, आली. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. पुढे ही योजना एनपीएसमध्ये गेली. मार्च २०२३ चा संप आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर सुधारित योजनेचा पर्यायही आला. कोणता पर्याय घ्यावा हा वेगळा विषय आहे, तो इथे घेत नाही.

पण एक गोष्ट पक्की. जुन्या पेन्शनवाल्या गुरुजींना निवृत्तीचं गणित करावं लागलं नाही, ते सरकारने केलं. २००५ नंतरच्या शिक्षकाला ते स्वतः करावं लागतंय. जिल्हा परिषदेचा शिक्षक ५८ व्या वर्षी घरी बसतो. त्यानंतर २०-२५ वर्षं घर चालवायचं आहे. बचत किती करायची हा पहिला प्रश्न, आणि त्या बचतीवर कर कधी भरायचा हा दुसरा. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

२. फळ्यावरचं गणित

आपल्या भागात हळद सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. समजा सरकार म्हणालं, "तुमच्या हळदीतला पाचवा हिस्सा आम्हाला द्या. हवं तर लागवडीच्या वेळी बेण्यातून द्या, हवं तर काढणीनंतर पिकातून द्या." काय परवडेल?

चटकन वाटतं, बेण्यातून देणं स्वस्त, कारण बेणं थोडं असतं. पण आकडे मांडून बघा.

बचत १०,००० रुपये, कर २० टक्के. वाढीचा दर असा घेऊ की २० वर्षांत पैसे चौपट होतील. (७२ भागिले व्याजदर म्हणजे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं, हा आपला ठोकताळा. ७.२ टक्क्यांनी १० वर्षांत दुप्पट, २० वर्षांत चौपट.)

कर आधी: १०,००० मधून २,००० कर गेला, उरले ८,०००. चौपट झाले ३२,०००. नंतर कर नाही. हातात ३२,०००.

कर नंतर: १०,००० पूर्ण गुंतवले, चौपट झाले ४०,०००. आता २० टक्के म्हणजे ८,००० कर. हातात ३२,०००.

दोन्हीकडे सारखंच! कारण हा नुसता गुणाकार आहे. आधी ०.८ ने गुणा आणि मग ४ ने, किंवा उलट करा, उत्तर एकच. गुणाकाराचा क्रमनिरपेक्ष गुणधर्म आपण मुलांकडून पाठ करून घेतो, तो इथे असा कामाला येतो.

मग फरक कशाने पडतो? फक्त कराच्या दराने. निवृत्तीनंतर तुमचा दर २० वरून ५ टक्क्यांवर येणार असेल, तर 'कर नंतर' मध्ये ३८,००० हाती येतात. दर ३० होणार असेल तर २८,०००. एवढाच नियम लक्षात ठेवायचा: आज कर कमी असेल तर आज भरून मोकळं व्हा, उद्या कमी असणार असेल तर उद्यावर ढकला.

आता तिसरी रीत बघा, जी आपण सगळे करतो. कर भरून उरलेले ८,००० बँकेत एफडीत ठेवले आणि दरवर्षीच्या व्याजावरही २० टक्के कर भरला. म्हणजे ७.२ चा दर प्रत्यक्षात ५.७६ टक्केच पडला. २० वर्षांनी हातात साधारण २४,५००. सुरुवातीची रक्कम तीच, मूळ व्याजदर तोच, पण ७,५०० रुपये कमी. चक्रवाढीच्या झाडाची दरवर्षी एक फांदी तोडली तर असंच होणार.

३. रॉथ म्हणजे काय?

अमेरिकेत निवृत्तीसाठी व्यक्तीच्या नावाने एक खातं असतं, त्याला आयआरए म्हणतात. जुन्या प्रकारात पैसे भरताना करसवलत मिळते आणि काढताना कर लागतो, म्हणजे 'कर नंतर'. १९९७ च्या कायद्याने दुसरा प्रकार आणला, तो १९९८ पासून सुरू झाला. डेलावेअर राज्याचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्यावरून त्याला रॉथ आयआरए नाव पडलं. हा 'कर आधी'चा प्रकार आहे. भरताना सवलत नाही, पण आतली वाढ करमुक्त, आणि वयाची साडेएकोणसाठ वर्षं व खात्याची पाच वर्षं पूर्ण झाली की काढतानाही कर नाही.

पण रॉथमध्ये सरळ पैसे भरायला उत्पन्नाची मर्यादा आहे. २०२५ साठी एकट्या व्यक्तीला १,५०,००० डॉलरपासून ही सोय कमी होत जाते आणि १,६५,००० ला बंद होते. पती-पत्नी एकत्र विवरण भरत असतील तर हेच आकडे २,३६,००० आणि २,४६,००० आहेत. दोघेही आयटीत असलेलं मराठी जोडपं ही रेषा सहज ओलांडतं. पुढचा दरवाजा बंद.

४. मग मागचा दरवाजा कुठून आला?

जुन्या आयआरएमध्ये पैसे भरायला उत्पन्नाची वरची मर्यादा नाही. उत्पन्न जास्त असलं आणि कंपनीची निवृत्ती योजना असली की करसवलत मिळत नाही, पण पैसे भरता येतात. आणि जुन्या आयआरएमधली रक्कम रॉथमध्ये वळवायलाही २०१० पासून उत्पन्नाची मर्यादा राहिलेली नाही. या दोन गोष्टी जोडल्या की झाला मागचा दरवाजा:

- जुन्या आयआरएमध्ये सवलत न घेता पैसे भरायचे (२०२५ ची मर्यादा ७,००० डॉलर, वय ५० किंवा जास्त असेल तर ८,०००).
- लगेच ते रॉथमध्ये वळवायचे.
- विवरणपत्रासोबत फॉर्म ८६०६ भरून दोन्ही गोष्टी नोंदवायच्या.

भरलेल्या पैशांवर कर आधीच दिलेला आहे, म्हणून वळवताना पुन्हा कर लागत नाही. यात लपवाछपवी काही नाही. सगळं कागदावर दाखवून करायचं असतं, तेव्हा पालकांनी घाबरू नये.

फायदा किती? मघाचंच उदाहरण घ्या. कर भरून उरलेले ८,००० जुन्या आयआरएमध्येच पडून राहिले तर ३२,००० होतील, पण काढताना वाढीच्या २४,००० वर २० टक्के, म्हणजे ४,८०० कर लागेल. हातात २७,२००. तेच रॉथमध्ये वळवले तर पूर्ण ३२,०००.

५. चहात विरघळलेली साखर

इथे एक मेख आहे. मुलाच्या नावावर जुन्या आयआरएमध्ये आधीपासून सवलत घेतलेले पैसे असतील तर 'मी फक्त नवे ७,०००च वळवले' असं म्हणता येत नाही. चहात साखर विरघळली की साखर तेवढी वेगळी काढता येत नाही, घोट घ्याल त्यात दोन्ही येणारच.

समजा आधीचे ९३,००० डॉलर (कर न भरलेले) आणि नवे ७,००० (कर भरलेले), एकूण १,००,०००. कर भरलेला भाग ७ टक्के. आता ७,००० वळवले तर त्यातले ७ टक्के म्हणजे ४९० करमुक्त, उरलेल्या ६,५१० वर कर. हिशेब वर्षअखेरीच्या, ३१ डिसेंबरच्या शिल्लकीवर होतो आणि त्या व्यक्तीची जुन्या प्रकारची सगळी आयआरए खाती एकत्र धरली जातात. नवऱ्याचं खातं बायकोच्या हिशेबात येत नाही. कंपनीचं ४०१(के) खातंही यात मोजत नाहीत. म्हणून कंपनीची योजना परवानगी देत असेल तर बरेच जण जुने पैसे आधी तिकडे हलवतात आणि मग रॉथकडे वळतात.

आणखी एक. २०१८ पासून एकदा वळवलेली रक्कम उलटी फिरवता येत नाही. म्हणून आधी हिशेब, मग काम.

६. आपला रॉथ: पीपीएफ

आता गावाकडे येऊ. भरताना सवलत नाही, आत व्याज करमुक्त, काढताना कर नाही. हे वर्णन कशाचं? नवीन करप्रणालीतल्या आपल्या पीपीएफचं!

जुन्या प्रणालीत पीपीएफ याहूनही गोड होता, कारण भरतानाही ८०सीची सवलत मिळायची. नव्या प्रणालीत ती गेली आणि लोकांना वाटलं पीपीएफचा फायदाच गेला. पण गेला तो फक्त दारावरचा फायदा. व्याज आणि मुदतीची रक्कम नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे. अमेरिकेत लाखो डॉलर कमावणारा माणूस फॉर्म भरून, हिशेब लावून मागच्या दाराने जिथे शिरतो, तिथे आपल्या शिक्षकाला पोस्टात किंवा बँकेत पुढच्या दाराने जाता येतं. उत्पन्नाची कोणतीही मर्यादा नाही. आणि आपण म्हणतो, "मग कशाला भरायचं?"

नियम थोडक्यात:

- वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख रुपये.
- मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.
- व्याजदर सरकार तिमाहीला ठरवतं. एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के चालत आलाय.
- महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरा.

दर ७.१ टक्केच राहिला असं धरून, महिन्याला ५,००० रुपये ५ तारखेच्या आत भरले तर १५ वर्षांत ९ लाख भरून सुमारे १५ लाख ७८ हजार होतात. तेच वर्षाचे ६०,००० एप्रिलच्या सुरुवातीला एकरकमी भरले तर सुमारे १६ लाख २७ हजार. नुसती तारीख सांभाळल्याचे जवळपास ४९ हजार जास्त!

७. आपलाही एक मागचा दरवाजा

पीपीएफला उत्पन्नाची मर्यादा नाही, पण रकमेची आहे, दीड लाख. अज्ञान मुलाच्या नावावर खातं काढलं तरी तुमचं आणि मुलाचं मिळून दीड लाखच. मात्र पती आणि पत्नी यांची मर्यादा वेगवेगळी आहे.

समजा पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नाही. पतीने तिला पैसे भेट दिले आणि तिने ते एफडीत ठेवले, तर क्लबिंगच्या नियमाने ते व्याज पतीच्याच उत्पन्नात धरलं जातं. पण तेच पैसे तिने स्वतःच्या पीपीएफ खात्यात भरले तर? व्याज मुळात करमुक्त, मग पतीच्या उत्पन्नात मिळवायचं काय? शून्यच. म्हणजे एका घरात वर्षाला तीन लाखांपर्यंत करमुक्त वाढ, तीही कायद्याच्या चौकटीत. एवढी काळजी घ्या की मुदतीनंतर तेच पैसे तिने एफडीत टाकले तर क्लबिंगचा नियम पुन्हा जागा होऊ शकतो.

आणि ही नुसती कर वाचवायची युक्ती समजू नका. खातं तिच्या नावावर, सही तिची, पासबुक तिच्या हातात. घरचा कर्ता माणूस अचानक गेला तर कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा स्वतःच्या नावावरचे पैसे किती आधार देतात हे वेगळं सांगायला नको. कराचा फायदा शून्य असता तरी मी हे खातं काढा असंच म्हणालो असतो.

८. एनपीएस यात कुठे बसतो?

जुन्या प्रणालीत एनपीएस बराचसा 'कर नंतर' प्रकारात येतो. स्वतःच्या अंशदानाला ८०सीच्या दीड लाखात जागा, शिवाय ८०सीसीडी(१बी) खाली जादा ५०,००० ची वजावट. नव्या प्रणालीत या दोन्ही नाहीत. शासनाच्या अंशदानावरची ८०सीसीडी(२) ची वजावट मात्र दोन्हीकडे मिळते, ती विवरणात दाखवायला विसरू नका.

साठीला बाहेर पडताना किंवा नियत वयोमानाने निवृत्त होताना सरकारी कर्मचाऱ्याला जमा रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत एकरकमी करमुक्त मिळतात आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. त्या वार्षिकीतून येणारी पेन्शन करपात्र उत्पन्न आहे. म्हणजे नव्या प्रणालीत स्वतःचा हिस्सा कर भरून आत जातो आणि त्यातला काही भाग बाहेर येताना पुन्हा करपात्र ठरतो. म्हणून कपातीपलीकडे स्वेच्छेने जास्त भरण्याआधी पीपीएफची मर्यादा संपली का ते बघावं.

(ही कलमे १९६१ च्या कायद्यातली, आपल्या तोंडात बसलेली. आयकर कायदा २०२५ मध्ये क्रमांक बदलले आहेत, तेव्हा फॉर्म भरताना नवे क्रमांक बघून घ्या.)

९. मग कोणी काय करावं?

शिक्षण सेवक: मानधन १६,००० ते २०,००० च्या घरात, कर शून्य. तुमच्यासाठी 'कर आधी' म्हणजे शून्य टक्क्याने कर मिटवणं. ५०० रुपयांनी का होईना, पीपीएफ आजच उघडा. १५ वर्षांचं घड्याळ सुरू होऊ द्या.

नव्या प्रणालीतला नियमित शिक्षक: २०२५-२६ च्या नियमांनुसार १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर नाही, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही रेषा १२.७५ लाखांवर जाते. तुम्ही या रेषेखाली असाल तर आज एफडीच्या व्याजावरही कर पडत नसेल, हे खरं. पण पगारवाढ आणि महागाई भत्ता धरा आणि १० वर्षांनंतरचा आकडा मांडा. तेव्हा साठलेल्या एफडीचं व्याज रेषा ओलांडायला लावेल, पीपीएफचं लावणार नाही.

जुन्या प्रणालीत राहिलेले, गृहकर्ज असलेले, वरच्या दराने कर भरणारे: निवृत्तीनंतर तुमचा दर कमी होण्याची शक्यता जास्त. ५०,००० ची जादा वजावट घेणं फायद्याचं. दोन्ही प्रणालींनी एकदा कर काढून बघा, मगच ठरवा.

शेतकरी पालक: शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मग वजावट घेणार कशातून? तुम्हालाही पीपीएफ चालतो. वय १८ ते ४० असेल आणि तुम्ही आयकरदाते नसाल तर अटल पेन्शन योजनाही बघा. साठीनंतर महिना ५,००० पेन्शनसाठी १८ व्या वर्षी सुरुवात केली तर महिना २१० रुपये, ३० व्या वर्षी ५७७ आणि ४० व्या वर्षी १,४५४. उशिराची किंमत याहून स्वच्छ कुठे दिसणार?

परदेशी मुलांचे पालक: करमुक्ती देशाची हद्द ओलांडत नाही. रॉथची करमुक्ती अमेरिकेच्या कायद्यातली, ती भारतात आपोआप लागू होत नाही. तसंच अमेरिकेत कर भरणाऱ्याला आपल्या पीपीएफचं व्याज तिथे करमुक्त नाही. अनिवासी झाल्यावर नवं पीपीएफ खातंही उघडता येत नाही, आधीचं फक्त मुदतीपर्यंत चालतं. मूल कायमचं परत येणार असेल तर ८९अ या कलमाखाली, फॉर्म १०-ईई भरून, अमेरिकेतल्या निवृत्ती खात्यांवरचा कर पुढे नेण्याची सोय आहे. तिकीट काढण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएला भेटायला सांगा.

१०. वर्गात कसं घ्याल?

आठवीत चक्रवाढ व्याज आहे आणि नववीच्या गणित भाग १ मध्ये अर्थनियोजनाचं प्रकरण. ते शिकवताना वरची तीन उत्तरं (३२,०००, २७,२०० आणि २४,५००) फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, पैसे तेच, व्याज तेच, मग फरक कुठून आला? मुलं स्वतः शोधतात. घरी जाऊन आई-वडिलांना समजावून सांगतात, आणि आपला पाठ न सांगता पालकांपर्यंत पोचतो.

सरावासाठी

१) जुन्या आयआरएमध्ये कर न भरलेले ६३,००० डॉलर आहेत. कर भरलेले ७,००० नव्याने भरून तेवढेच वळवले. करपात्र रक्कम किती? (उत्तर: ६,३००)

२) २०,००० रुपये, आज कर १० टक्के, निवृत्तीनंतर शून्य, पैसे चौपट. कोणती रीत फायद्याची आणि कितीने? (उत्तर: कर नंतर, ८,००० रुपयांनी)

३) ७.१ टक्क्यांनी पैसे दुप्पट व्हायला अंदाजे किती वर्षं? (उत्तर: सुमारे १०)

चौथा प्रश्न तुमच्यासाठी, त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही. तुमच्या घरात १५ वर्षं पूर्ण होतील असं पीपीएफ खातं कोणाकोणाच्या नावावर आहे? नसेल तर येत्या ५ तारखेच्या आत एक उघडा.